कलाभवनाच्या शेजारची घरे



दांडिया बाजारातल्या आपल्या घरांपासून कलाभवन पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्याशाखा आहे आणि तिथे मुलाला प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो. पण १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पदवी नव्हती, कारागीर होता. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे मोठे रसायनतज्ज्ञ, सुरतेच्या सुतार कुळातले. (मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, ते डाग काढणारे हेच.) रंगाई किंवा यंत्रकाम शिकायला आधी इंग्रजी कशाला, मुलाला ते त्याच्या भाषेत शिकवा, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी गुजरातीत तांत्रिक पुस्तके करवून घेण्याचे काम हाती घेतले. आपले दादासाहेब फाळके इथेच शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र आपले पूर्वज गायकवाडी नोकरीत आले ते कारकून, मास्तर, वकील म्हणून. आपल्या हाती टाक आला. कानस, पटाशी आली नाही. शेजारी राहूनही कलाभवनाचा मूळ विचार आपल्या उंबऱ्याच्या आत आला नाही, असे माझे मत आहे.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचा मुलगा दहावीला अठ्ठावन्न टक्क्यांनी पास झाला. त्याला आयटीआयमध्ये फिटर व्हायचे होते; फॉर्मही आणला होता. घरात शिकलेला म्हणून सल्ला विचारला मला. मी म्हणालो, "आपल्या घरात आयटीआयला कोणी गेलेले नाही." तेवढ्या एका वाक्यावर तो सायन्सला गेला. बारावीला गणितात दोनदा नापास झाला, मग कसेबसे बी.ए. केले. आज तो एका दुकानात हिशेब लिहितो. वाड्यातल्या सगळ्यांचे नळ, पंखे, मोटारी दुरुस्त मात्र तोच करतो. परवा आमच्या पंपाचे बेअरिंग बदलले. मी पैसे पुढे केले, तर म्हणाला, "काका, तुमच्याकडून कसले पैसे?" मला त्याच्याकडे बघवेना.

मला तेव्हा ठाऊक काय होते? काहीच नाही. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, त्यानंतर कारखान्यात उमेदवारी करता येते, १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने त्या काळात विद्यावेतन द्यावेच लागते, हे मी नंतर वाचले. पुढचा रस्ता बंद होतो, ही आपली मोठी भीती. पण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आपल्याकडची मुले त्याला 'सी टू डी' म्हणतात. डिप्लोमावरून पदवीला जाण्याचीही वाट आहे.

हे सगळे सुरळीत चालते असे मात्र नाही. खरी अडचण शाळा संपते आणि काम सुरू होते त्या सांध्यावर आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र हाती आलेल्या मुलाने व्हर्नियर धरलेला असतो, पण एकच भाग दिवसाला दोनशे वेळा, मापात, पाळी संपायच्या आत करायचा म्हणजे काय, ते त्याला कारखान्यातच कळते. ते शिकवायला शेजारी एक जुना मिस्त्री लागतो. तो मिळाला तर मुलगा वर्षभरात तयार होतो. नाही मिळाला तर त्याच्याकडून खोकी उचलून घेतात, झाडलोट करून घेतात, आणि वर्ष भरले की निरोप देतात. म्हणून उमेदवारीचे पत्र आले की बापाने किंवा काकाने एकदा मकरपुऱ्याला जाऊन यावे. पगार किती, हे नंतर विचारावे. मुलगा कोणत्या मशीनवर उभा राहणार आणि कोणाच्या हाताखाली, हे आधी विचारावे. लग्नाच्या चौकशीला आपण चार गावे फिरतो. हे तर एका रिक्षाच्या अंतरावर आहे.

एक विनंती करतो आणि थांबतो. आपल्या संस्थेत दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. त्याच्या अर्जात टक्क्यांचा रकाना आहे, ट्रेडचा नाही. यंदा तो घालावा, असे मी कार्यकारिणीला लिहून दिले आहे. सुधारलेल्या अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर आहे. पटला तर जाताना त्यावर सही करावी. माझ्या पुतण्याने पहिली केली आहे.