चार झाकणं आणि एक फुगा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात पालक व मुलांसमोर दिलेले भाषण)



मी शाळेत विज्ञान शिकवायचो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. घाबरू नका, आज फळा आणलेला नाही. पिशवीत बाटल्यांची चार झाकणं, खोक्याचा पुठ्ठा, दोन स्ट्रॉ, बांबूच्या दोन काड्या आणि एक फुगा आहे. सगळा माल आपल्याच कचऱ्यातला, फुगा तेवढा विकतचा.

पुठ्ठ्याखाली दोन स्ट्रॉ आडव्या चिकटवायच्या. त्यांतून काड्या घालायच्या आणि टोकांना झाकणं बसवायची. झाली चाकं. झाकणाला भोक मोठ्या माणसानं पाडून द्यायचं, पण बरोबर मध्यभागी. भोक सरकलं की गाडी लंगडते, हे मुलांना सांगावं लागत नाही, दिसतं. फुग्याच्या तोंडात जुन्या स्केचपेनची नळी रबरबँडनं घट्ट बांधायची आणि नळी मागे तोंड करून पुठ्ठ्यावर चिकटवायची. फुगा फुगवा, बोट काढा, गाडी सुटली!

हवा मागे गेली, गाडी पुढे आली. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. १६८७ साली पुस्तकात छापून आलेला हा नियम आपली मुलं क्रिया-प्रतिक्रिया म्हणून घोकतात. एकदा फुगा सोडला की घोकायची गरज उरत नाही.

आता गाडीवर दोन-चार नाणी ठेवा. फुगा तेवढाच फुगवा. गाडी सुस्त निघेल. बल तेवढंच, पण वस्तुमान वाढलं म्हणून त्वरण कमी झालं. हा दुसरा नियम. मग नाणी काढून खोडरबर नुसतं ठेवा आणि गाडी भिंतीवर आदळू द्या. गाडी थांबते, खोडरबर पुढे उडतं. बसचा ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो तेव्हा आपण पुढे का जातो आणि सीटबेल्ट कशासाठी लावायचा, ते मुलांना इथे कळतं. याला जडत्व म्हणतात, हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

दुसरी गाडी रबरबँडची. आसाला रबर गुंडाळून सोडलं की चाकं फिरतात. पण गुळगुळीत फरशीवर ती जागच्या जागी गरगरतात. झाकणावर फाटक्या फुग्याची पट्टी चढवा, लगेच पकड येते. इथे घर्षण मदतीला आलं. चाक फरशीला मागे ढकलतं आणि फरशी गाडीला पुढे ढकलते. फुग्याच्या गाडीत मात्र चाकं नुसती घरंगळतात, ढकलण्याचं काम हवेचं असतं. तिथे आसाचं घर्षण जितकं कमी तितकी गाडी लांब जाते. म्हणजे घर्षण शत्रू की मित्र? मुलांना भांडू द्या यावरून!

अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचं फार मोठं काम पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली.

पालकांना माझ्या दोनच विनंत्या आहेत. प्रोजेक्ट म्हणून दुकानातून तयार गाडी आणू नका. आणि मुलाची गाडी वाकडी गेली तर पटकन हातात घेऊन सरळ करू नका. "का गेली असेल रे?" एवढंच विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीनदा सोडून बघायचं, टेपनं अंतर मोजून वहीत लिहायचं. प्रयोग म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आणि एक विनंती कमिटीला. आपल्या पिढीनं गॅरेजमधली जुनी बेअरिंगं फळीला ठोकून गाड्या केल्या आणि उतारावरून पळवल्या. गुडघे फुटले, पण उतार, वेग आणि ब्रेक कायमचे समजले. आज जिन्याखाली "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे" अशी पाटी आहे. गाड्यांना ओरखडे पडतात, दुपारी ज्येष्ठांची झोपमोड होते, हे खरं आहे. मीही ज्येष्ठच आहे. पण दिवाळीत किल्ल्यासाठी आपण कोपरा देतोच ना? तसा महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा ते बारा, पार्किंगची एक ओळ रिकामी द्या. गेटपाशी एक खोकं ठेवू, झाकणं आणि पुठ्ठे त्यात टाका.

आपल्या सोसायटीत निवृत्त फिटर आहेत, टर्नर आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. आस सरळ आहे का, हे त्यांची बोटं डोळे मिटून सांगतात. ही विद्या आपल्याबरोबर संपून जायची नसेल, तर नातवंडांशेजारी खाली बसायला हवं. गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवू! आणि मुलींनो, तुम्ही रंग द्यायला नाही यायचं, भोकं मोजायला आणि गाडी सोडायला यायचं.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, लिफ्ट, रंगकाम सगळं नीट केलं. आता ही दोन तासांची जागा तेवढी मुलांना देऊया.

आता सतरंजी गुंडाळा रे मुलांनो, फरशी मोकळी करा. फुगा कोण फुगवणार?