घर आजीच्या नावावर आहे

सोलापुरात विड्या वळून संसार केलेल्या बाईकडे म्हातारपणी उरतं काय? दुखरी कंबर, फंडाची पेन्शन, आणि नशिबात असेल तर कुंभारीला घर. २००६ मध्ये तिथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायकांना घरं मिळाली. तेव्हा पन्नाशीत असलेल्या आता सत्तरीत आहेत. किमान पेन्शन मात्र २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली, ती तिथंच आहे.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डायपर, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, त्यासाठी ठेवलेल्या बाईचा पगार, यातलं काही त्या कार्डात बसत नाही. म्हणजे खरी पुंजी ते घरच.

आणि नेमकं तेच आधी हातचं जातं. मुलगा म्हणतो, "आई, माझ्या नावावर करून टाक, पुढं कटकट नको." राहतं घर मुलांना-नातवंडांना बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, अधिभार वेगळा. स्वस्तात होतंय म्हणून लोक उरकून टाकतात. पण बक्षीसपत्र नोंदलं की मालकी गेली. मृत्युपत्र केलं तर डोळे मिटेपर्यंत घर तुमचंच, आणि मन बदललं की तेही बदलता येतं. त्याला साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणीची सक्ती नाही. मी म्हणेन, तरीही करा.

बक्षीसपत्रच करायचं असेल, तर सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्या. पोटच्या पोराला अट घालायची लाज वाटते, हे मला कळतं. पण न सांभाळल्यास बक्षीसपत्र रद्द करून देणारं, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवरच उभं आहे. अट नसेल तर नुसत्या तक्रारीवर बक्षीसपत्र रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द झालं. मुलानं सांभाळायचं लिहून दिलेलं होतं. असा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. तिथं पोटगीही मागता येते, महिना १०,००० रुपयांपर्यंत. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक वारस होणार, त्याच्याकडूनही.

नॉमिनी लावला म्हणजे झालं, असंही समजू नका. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या गुंतवणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: नॉमिनी हा मालक नव्हे.

सेवा करणारी पुष्कळदा सून असते. नवरा गेलेली सून सासूजवळ राहून सगळं करते, आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं सासूच्या नावावरच्या घरात वाटा तिच्या मुलांना मिळतो, तिला नाही. तिला काही द्यायचं असेल, तर सासूनं हातपाय धड असतानाच मृत्युपत्रात तिचं नाव घालायला हवं.