शिंगवाला आमच्या घरी राहत नाही

(पथनाट्य बसवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वणी येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांत जगभर स्त्रियांवरील हिंसेविरोधात कार्यक्रम होतात. त्यासाठी आपणही पुन्हा पथनाट्य बसवायला जमलो आहोत. तालमी सुरू होण्याआधी मला गेल्या वर्षीच्या नाटकाबद्दल बोलायचं आहे. थोडं कडू वाटेल, पण आपसात बोलायचं नाही तर कुठे बोलायचं?

आठवतंय ना, आपण दारूचा राक्षस केला होता? पुठ्ठ्याची शिंगं, तोंडाला काजळी, हातात बाटली. समोर एक बाई कागदी साखळ्यांनी बांधलेली. प्रत्येक कडीवर एकेक शब्द लिहिलेला : रूढी, हुंडा, अंधश्रद्धा. शेवटी साऱ्याजणी मिळून साखळ्या तोडतात, राक्षस आडवा होतो आणि घोषणा होतात. टाळ्या पडल्या. आपण खूश होऊन सतरंज्या गोळा करायला लागलो.

तेवढ्यात बचत गटातली एक ताई माझ्याजवळ आली. तिचा नवरा कोळसा खाणीवर ठेकेदाराकडे कामाला. ती म्हणाली, "ताई, नाटक चांगलं झालं. पण थो शिंगवाला आमच्या घरी नाई राहत वो. माह्या नवऱ्याले शिंगं नाईत. पगाराच्या दिवशी थो लेकरायले जिलेबी आनते, अन् त्याच राती मले मारते. त्याचं काय कराव, थे सांगा ना."

मला उत्तर देता आलं नाही. मनातून थोडा रागही आला. एवढी मेहनत केली आणि ही चुका काढते! पण घरी जाताना कळलं, की ही बाई आपली विरोधक नाही. ती प्रत्येक बैठकीला येते. तिला आपल्याकडून काही हवं होतं आणि ते मिळालं नाही, म्हणून ती नाराज झाली. मला वाटतं, आपल्याच माणसाची नाराजी चळवळीने सगळ्यात आधी ऐकायला हवी.

अशाच नाराजीची एक दूरची गोष्ट सांगते. तुमच्यातल्या काहींना ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका आठवत असेल. मी ती पुष्कळ नंतर, एमएसडब्ल्यू करताना वसतिगृहातल्या एका मैत्रिणीबरोबर पाहिली. ती त्या मालिकेची वेडी होती. अंतराळयानातून निरनिराळ्या ग्रहांवर जायचं आणि तिथल्या गोष्टीतून पृथ्वीवरच्या युद्धाबद्दल, वर्णभेदाबद्दल बोलायचं, ही त्या मालिकेची रीत. चाहत्यांना ती आवडली तीही त्यामुळेच. राजकारण नको म्हणणारे ते लोक नव्हते.

तरीही १० जानेवारी १९६९ रोजी दाखवलेल्या एका भागावर त्यांच्यातले कितीतरी जण आजही नाराज आहेत. भागाचं नाव 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफिल्ड'. त्यात शेरॉन नावाच्या ग्रहावरचे दोघे येतात. दोघांचे चेहरे मधोमध विभागलेले, अर्धे काळे, अर्धे पांढरे. एकाची उजवी बाजू काळी, तर दुसऱ्याची डावी. एवढ्याच फरकावरून एक जमात मालक आणि दुसरी गुलाम. यानावरच्या लोकांना तर आधी दोघांतला फरकही दिसत नाही. शेवटी कळतं, की आपसात लढून त्यांचा सगळा ग्रह बेचिराख झाला आहे, आणि उरलेले हे दोघे तिथंही एकमेकांमागे धावत सुटतात.

हेतूबद्दल शंकाच नाही. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. अमेरिका धगधगत होती. मग चाहत्यांची तक्रार काय? अर्थ चेहऱ्यावरच रंगवलेला, आणि पुन्हा तोच संवादांतून समजावून सांगितलेला. बघणाऱ्याला स्वतः काही ओळखायला उरतच नाही.

मला त्यापुढची एक अडचण दिसते. ते चेहरे पाहून प्रत्येकजण म्हणू शकतो, "किती मूर्ख लोक!" आपण तसे आहोत असं कोणालाच वाटत नाही, कारण तसा चेहरा कोणाचाच नसतो. शिवाय त्या गोष्टीत दोघेही सारखेच द्वेषाने आंधळे ठरतात. गुलाम केलेला आणि गुलाम करणारा यांतला फरक पुसला जातो. आपल्या राक्षसाचंही हेच झालं. शिंगं लावल्याबरोबर पुढे बसलेल्या पुरुषांना मोकळीक मिळाली : हा मी नाही. आणि काजळी फासलेलं तोंड म्हणजे वाईट, हे आपण ज्यांच्यापुढे दाखवलं, त्यांच्यात पहिल्या रांगेत आपल्याच काळ्या-सावळ्या पोरी बसल्या होत्या. ते आपल्याला सुचलंही नाही.

त्याच मालिकेत उहुरा नावाची अधिकारी होती. निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ती केली. तिला संवाद थोडे, आणि वर्णभेदावर भाषण तर नाहीच. ती रोज कामावर येते आणि आपलं काम चोख करते. निकोल्स मालिका सोडणार होत्या, तेव्हा किंग यांनी त्यांना राहायचा आग्रह केला, ही आठवण त्या स्वतः सांगत. १९९२ साली अंतराळात गेलेल्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री मे जेमिसन यांनी लहानपणी उहुराला पाहून हुरूप आला असं सांगितलं आहे. मात्र याच मालिकेच्या ३ जून १९६९ च्या शेवटच्या भागात कप्तान होऊ पाहणारी स्त्री वेडीपिशी दाखवली आहे. म्हणजे वर्णभेदावर धडा देणाऱ्यांना बाईच्या बाबतीत स्वतःचं आंधळेपण दिसलं नव्हतं.

आता म्हणाल, अमेरिकेचं कशाला? तर आपल्याकडचं बघू. रूपकातून राजकारण सांगणारं मराठीतलं सर्वांत गाजलेलं नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध'. साल १९०७. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे ज्या टिळकांचे अनुयायी झाले, त्याच टिळकांच्या 'केसरी'त खाडिलकर काम करत. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, सबुरी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षक बरोबर ओळखत. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

ते चाललं याचं एक कारण असं, की कर्झन कोण हे माहीत नसलेल्यालाही महाभारतातली ती गोष्ट धरून ठेवते. अर्थाची किल्ली नसली तरी दार उघडतं. आपल्या नाटकात मात्र कड्यांवरचे शब्द पुसले असते, तर काहीच उरलं नसतं.

पण बाई म्हणून मला त्यात एक टोचतं. सैरंध्री कोण? सुदेष्णा राणीच्या घरची कामवाली. मालकिणीचा भाऊ तिच्यामागे लागतो, मालकीण मुद्दाम तिलाच त्याच्याकडे पाठवते, आणि भर दरबारात दाद मागितली तरी सारे गप्प. कामाच्या ठिकाणचा छळ तो हाच. त्यासाठी देशव्यापी नियम यायला १९९७ सालचा विशाखा निकाल आणि कायदा यायला २०१३ साल उजाडावं लागलं. सैरंध्री भारतमाता झाली, तिथं या कामवालीचं दुःख मागे पडलं. बाईला प्रतीक केलं की असं होतं. आपण साखळ्यांनी बांधलेल्या बाईला तरी नाव दिलं होतं का?

मग संदेश द्यायचाच नाही का? तसं नाही. स्त्रीमुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव झालं. ते रोखठोक आणि उघड प्रचाराचं नाटक. पण त्यात आपल्या घरातलं बोलणं आहे. मुलगी जन्मली की उतरणारी तोंडं प्रत्येकीने पाहिलेली असतात. मोठ्याने बोलायला माझी हरकत नाही. बघणारीला तिचं घर त्यात दिसलं पाहिजे, एवढंच.

राक्षस मारून नाटक संपवणं सोपं असतं. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. बंदी असताना आणि उठल्यावरही, मार खाल्लेल्या बाईपुढे त्या रात्रीचा प्रश्न होताच : लेकरं घेऊन आत्ता जायचं कुठे?

म्हणून या वर्षी मी तीन गोष्टी सुचवते. एक, शिंगं आणि काजळी पेटीत ठेवू. नवरा जिलेबी घेऊन येऊ दे, आणि लोकांना तो आवडूही दे. दोन, बाईला नाव असू दे, काम असू दे, कापूस वेचून आलेल्या हाताची दुखणी असू देत. तीन, शेवटी घोषणेऐवजी नाटक थांबवू आणि समोरच्यांना विचारू, आता हिने काय करावं? कोणी म्हणेल माहेरी जावं, कोणी म्हणेल पोलिसांत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल, संरक्षण अधिकाऱ्याबद्दल तेव्हा सांगू. त्या वेळी ते कानावरून जाणार नाही, कारण प्रश्न त्यांनीच विचारलेला असेल.

त्या ताईला मी बोलावलं आहे. मजुरी बुडणार नाही अशा वेळी, संध्याकाळी ती येईल. पहिली तालीम तिच्यासमोर करू. "हा माह्या घरचा हाये" असं ती म्हणाली, तर नाटक गावात नेऊ. नाही म्हणाली, तर पुन्हा बसवू.