शाळेतील समुपदेशनाची खोली
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला मुलांच्या अभ्यासाविषयी बोलण्यास सुचविले होते. परंतु अभ्यासाविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, तेव्हा माझ्या खोलीत काय चालते तेच सांगावे म्हणते. "आमची मुलगी काय वेडी आहे, तिला तिथे पाठवायला?" हे मला नेहमी ऐकावे लागते. पोट दुखले म्हणजे डॉक्टरकडे नेताना मात्र आपण लाजत नाही!

पोटाचेच घ्या ना. आठवीतील एका मुलीचे दर सोमवारी सकाळी पोट दुखे. ओवा झाला, हिंग झाला, सोनोग्राफीही झाली. कशात काही निघाले नाही. शाळा चुकविण्याची नाटके, असा घरात निकाल लागला. माझ्याकडे आली ती पहिले दोन तास बोललीच नाही. कागदावर रांगोळीचे ठिपके काढीत बसली. मीही काढीत बसले. तिसऱ्या खेपेस हळूच म्हणाली, "बाई, सोमवारी चाचणीचे गुण वाचून दाखवतात." गुण मोठ्याने, नावानिशी वाचले जात! वर्गशिक्षिकेशी बोलून ती रीत बंद करविली. दुखणे काही एका दिवसात गेले नाही. पण दिवाळीनंतर ती सोमवारी नेमाने येऊ लागली. (हे मी तिच्या व आईच्या संमतीने, ओळख बदलून सांगते आहे.)

मूल माझ्याकडून परतले की आई जिन्यातच गाठते, "काय म्हणाली हो ती?" ते मी सांगत नाही, आणि काही आया रागावतात. पण आत बोललेले बाहेर जात नाही एवढ्याच भरवशावर मूल तोंड उघडते. याला अपवाद आहेत, ते मी मुलाला पहिल्याच दिवशी सांगते: जिवाला धोका असेल, किंवा कोणी त्रास देत असेल, तर गप्प राहता येत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचार कळविणे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारकच आहे.

आता जड गोष्ट. सरकारी नोंदीप्रमाणे 2022 साली आपल्या देशात 13,044 विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला. 'जीव नकोसा होतो का ग?' असे विचारले तर नसते खूळ डोक्यात शिरेल, ही भीती अनेकींना वाटते. तसे होत नाही. उलट कोणीतरी सरळ विचारले म्हणून मुलाला हायसे वाटते. विचारून झाल्यावर मात्र उपदेश सुरू करू नये, ऐकावे. आणि होकार आला तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. काही ठिकाणी चित्रकलेच्या बाईंनाच हे काम जोडून देतात. बाई मायाळू असतात, पण तेवढ्याने भागत नाही. पुढच्या पालकसभेत तुम्ही चौघीजणी मिळून मुख्याध्यापकांना विचारा, आपल्याकडे कोण आहे, त्यांचे शिक्षण काय, बसायला दार लावता येईल अशी खोली आहे का.

सरकारचा 'टेली मानस' दूरध्वनी 2022 पासून आहे. क्रमांक 14416, पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्रीही लावता येतो आणि मराठीत बोलता येते. मी तो फळ्यावर लिहिला आहे, उतरून घ्या. ज्यांना चारचौघींत विचारायचे नसेल त्यांच्यासाठी चहानंतर मी मागच्या खोलीत थांबणार आहे.