दान आणि देणे



१९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईस आले. जाताना त्यांनी आपली पांढरी लिंकन मोटार मदर तेरेसांना दिली. बाईंनी तीत बसून मिरवले नाही. सोडत काढली आणि पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीस लावला. असे दान आम्हांस कळते.

इकडे नंदुरबारकडे एका मालकाने जुनी विलायती एम. जी. मोटार धर्मादाय दवाखान्यास दिली. देखणी होती, खोटे कशाला बोला! हारतुरे झाले. त्याच मालकाकडे आमच्या निवृत्त कामगारांची ग्रॅच्युइटी थकलेली. १९७२ च्या कायद्याने ते देणे होते, दान नव्हे. विश्वस्तांना आम्ही म्हटले, ‘मोटार खुशाल विका, औषधे घ्या.’ आणि तेथून उठून मालकाच्या दारी जाऊन बसलो.