नंदादेवी : हिमतटांचा गड आणि त्याचा एकच दरवाजा



गडाचे सामर्थ्य त्याच्या तटात असते आणि त्याचे मर्म दरवाजात, हे महाराष्ट्रातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. हिमालयात निसर्गाने असाच एक गड उभारला आहे. उत्तराखंडातील सर्वोच्च शिखर नंदादेवी (7,816 मीटर) हा त्याचा बालेकिल्ला. गढवाल-कुमाऊँच्या लोकमानसात नंदा ही माहेरवाशीण आहे. तिला सासरी, कैलासाकडे पोचविण्यासाठी निघणारी राजजात यात्रा 2014 साली लाखोंच्या श्रद्धेने पार पडली.

शिखराभोवती त्रिशूल (7,120 मीटर), दुनागिरी (7,066 मीटर), कलंका, चांगाबांग अशा उत्तुंग शिखरांचे कडे आहे. हा तट फुटतो तो केवळ पश्चिमेस, जेथे ऋषिगंगेने खडक कापून भयंकर घळ निर्माण केली आहे. आतील सर्व हिमनद्यांचे पाणी याच एका दाराने बाहेर पडते, रैणी गावापाशी धौलीगंगेला मिळते आणि विष्णुप्रयागी अलकनंदेत विलीन होते. 1934 साली शिप्टन व टिलमन हे गिर्यारोहक शेर्पा साथीदारांसह याच घळीतून प्रथम आत पोचले. 1936 साली टिलमन व ओडेल यांनी शिखर सर केले.

तटामुळे आतील हवामानही निराळे झाले आहे. वर्षातील सुमारे सहा महिने हा प्रदेश हिमाच्छादित असतो. एकंदर पर्जन्यमान अल्प. परंतु जून ते ऑगस्ट या काळात जोरदार पाऊस पडतो, आणि धुके व खाली उतरलेले मेघ भूमी ओलसर राखतात. त्यामुळे अंतर्गत हिमालयातील अन्य शुष्क दऱ्यांपेक्षा येथील वनस्पतिसृष्टी अधिक समृद्ध आहे. घळीत फर, भूर्ज आणि बुरांस. हिमनद्यांकडे जावे तसतशी खुरटी झुडपे आणि गवत. भरल, कस्तुरीमृग आणि हिमबिबट्या यांचे हे आश्रयस्थान.

दार उघडले गेले तेव्हा हानीही आत शिरली. 1974 नंतर गिर्यारोहकांची रीघ लागली. झुडपे सरपणात गेली, कचरा साचला. अखेर 1982 साली हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पुढील वर्षी प्रवेश बंद करण्यात आला. 1988 साली त्याला जागतिक वारसा स्थळाचा मान मिळाला. निसर्ग सावरला, परंतु चराई व भारवाहनावर जगणाऱ्या लाता-रैणीसारख्या गावांच्या उपजीविकेवर कुऱ्हाड कोसळली, हेही विसरता येणार नाही.

जे आत घडते त्याचा हिशेब दारातील गावाकडे येतो. 1965 साली भारतीय व अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या संयुक्त मोहिमेला खराब हवामानामुळे अणुऊर्जेवर चालणारे उपकरण पर्वताच्या उतारावरच ठेवून परतावे लागले. पुढच्या वर्षी ते सापडले नाही. 1978 साली पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी हे प्रकरण संसदेत मांडले.

त्याहून भीषण प्रसंग 7 फेब्रुवारी 2021 चा. ऋषिगंगेच्या उपखोऱ्यातील रौंठी शिखराच्या उतारावरून सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटर खडक व हिम कोसळले. घर्षणाच्या उष्णतेने हिम वितळले आणि दगड, चिखल व पाणी यांचा लोंढा रैणीकडे धावला. रैणीचा जलविद्युत प्रकल्प नष्ट झाला, खाली तपोवनच्या प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार गाडले गेले. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. भर हिवाळ्यात, पाऊस नसताना हे घडले.

याच रैणीत मार्च 1974 मध्ये गौरादेवी व त्यांच्या सख्यांनी वृक्षांना कवटाळून कुऱ्हाडी परतविल्या होत्या. 2021 च्या त्या उन्हाळ्यात गावाची जमीन खचू लागली, तेव्हा गौरादेवींचा पुतळाही तेथून जोशीमठला हलवावा लागला. रक्षणकर्तीच्या स्मृतीलाच गाव सोडावे लागले!

गडाच्या दरवाजात बांधकाम करणाऱ्याने आधी गड जाणून घ्यावा लागतो. उतारांची नित्य पाहणी, वेळेवर मिळणारी धोक्याची सूचना आणि स्थानिकांचा शब्द यांवाचून या घळीच्या तोंडाशी रचलेली प्रत्येक भिंत तात्पुरतीच ठरेल. नंदेला माहेरवाशीण मानणाऱ्यांवर तिच्या अंगणाची राखण करण्याचे दायित्वही येतेच.