वकिलीला गेलेली पोर मधेच थांबू नये म्हणून



आपल्या गटांतल्या काही घरांतल्या मुली आता वकिलीचं शिक्षण घेऊ लागल्या आहेत. बारावीनंतर ५ वर्षं किंवा पदवीनंतर ३ वर्षं असा हा अभ्यास. सुरुवातीचे दिवस उत्साहात जातात. पुढे जाडजूड पुस्तकं, त्यातली बरीचशी इंग्रजीत, एसटीचा रोजचा प्रवास, आणि घरी आलं की एकच प्रश्न, "कमवायला कधी लागणार?" पोर गप्प होते. तास बुडवू लागते. मग कुणीतरी स्थळ घेऊन येतं आणि शिक्षण तिथंच थांबतं.

शिकलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय असं दिसलं की अभ्यासात जीव लागतो. ते काम आपला गट करू शकतो. महिन्याच्या बैठकीत तिला अर्धा तास द्या. सातबारा पुढ्यात ठेवा आणि विचारा, "हक्कसोडपत्रावर सही केली तर काय होतं गं?" २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. हे ती पुस्तकात वाचते. पण समोर भावाला सही करून द्यायला निघालेली मावशी बसली असली, की तेच कलम तिला जन्मभर पाठ राहतं.

तिला उत्तर आलं नाही तर हसू नका. "पुढच्या बैठकीला विचारून ये" म्हणा. प्राध्यापकांकडे जायला तिला कारण मिळेल. एक मात्र लक्षात ठेवा, ती अजून वकील नाही. खटला तिच्या भरवशावर टाकायचा नाही. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या नंबरवर फोन करता येतो. अडलेल्या बाईबरोबर त्या मुलीलाही समितीत पाठवा. अर्ज कसा लिहितात, तारीख कशी पडते, हे ती डोळ्यांनी बघेल. लोकअदालत असेल त्या दिवशीही तिला जाऊ द्या.

घरच्यांनीही थोडं करावं. परीक्षेच्या महिन्यात पाणी-सरपण दुसऱ्या कुणीतरी बघावं. फी अडली तर गटाच्या अंतर्गत कर्जाचा विचार करा. शेळीला कर्ज देतो, मग लेकीच्या पुस्तकाला का नको?

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली आपल्या नाशिकचा. १८९२ साली त्या ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा पास झाल्या, पण बाई म्हणून पदवी मिळाली ती १९२२ साली. तीस वर्षं! आपल्या देशात बायकांना वकिलीची वाट कायद्यानं खुली झाली ती १९२३ साली.

आता दार उघडं आहे. पोर उंबऱ्यापर्यंत पोचली आहे. तिला मागे ओढायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.